प्रोफेसर देवधर

शनिवार पेठेंत ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या बोळांत मोकळी जागा ती केवढी! तेथील मुलांचें क्रिकेट वाड्याच्या चौकांत, नाहीं तर रस्त्यावरच चालावयाचें. भिंतीवर कोळशानें ओढलेल्या तीन रेघा म्हणजे यष्टी, आणि समोरच्या माडींत चेंडू शिरला कीं गडी बाद. अशा या पेठांच्या शहरानें हिंदी क्रिकेटला एक संस्कृतचा प्राध्यापक दिला, याचें परगांवच्या माणसास नवल वाटतें.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म 14 जानेवारी 1892 रोजीं पुण्यांत झाला. सर परशुरामभाऊ कॉलेजांत ते संस्कृत शिकवीत. 1911 पासून ते मोठ्या सामन्यांत खेळूं लागले. त्या काळीं मुंबईचे प्रमुख सामने हिंदु, पारशी, मुसलमान व युरोपियन अशा जमातवार संघांत होत. देवधर अर्थातच हिंदूंकडून खेळत. 1926 सालीं गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ आला. मुंबईस सी. के. नायडू यांनीं त्यांच्याविरुद्ध 11 षटकारांसह 153 धावा झोडपल्या, व पुढें थोड्याच दिवसांनीं देवधरांनीं अखिल हिंदी संघाकडून 148 काढल्या. या डावांनीं हिंदुस्थानास कसोटीचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी झाली, असें मानतात. परंतु पहिली कसोटी लॉर्ड्सवर झाली ती 1932 मध्यें. देवधर तेव्हां चाळीस वर्षांचे होते. कसोटी सामना त्यांच्या वांट्यास कधींच आला नाहीं.

चाळिशीनंतर माणसानें जिनाहि जपून चढावा, असें मानणारा आपला समाज! देवधरांचें खरें कार्य मात्र येथूनच सुरू होतें. 1934 सालीं प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा निघाली, आणि महाराष्ट्राचा म्हणून एक संघ घडविण्याची संधि आली. सांगलीचे विजय हजारे हे ख्रिस्ती. मुंबईच्या जमातवार सामन्यांत ते ‘इतर’ संघाकडून खेळत. येथें ते देवधरांच्या हाताखालीं आले. 1939-40 मध्यें पुण्यास बडोद्याविरुद्ध आठ गडी बाद झाले असतां हजारे व नागरवाला यांनीं 245 धावांची भर घातली, आणि हजारे 316 वर नाबाद राहिले. दुसरा एखादा कर्णधार कदाचित् त्यापूर्वींच डाव सोडता. त्या वर्षीं महाराष्ट्रानें करंडक प्रथमच जिंकला.

पुढच्या मोसमांत पुण्यास मुंबईशीं गांठ पडली. त्या सामन्यांत मुंबईच्या 650 धावा झाल्या. सामना अनिर्णीत राहिल्यास पहिल्या डावांतील आघाडीवर निकाल ठरे. महाराष्ट्राच्या 675 झाल्या, व त्यांतील 246 पन्नाशीच्या उंबरठ्यावरील कर्णधारानें स्वतः काढल्या. वर्गांतल्या विद्यार्थ्यांस धीर धरण्यास सांगणें निराळें, आणि भर उन्हांत तो स्वतः धरून दाखविणें निराळें! पुढें मद्रासवर मात करून महाराष्ट्रानें करंडक राखला.

1944 मध्यें, वयाचीं 52 वर्षें उलटल्यावर, त्यांनीं नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकें केलीं: 105 आणि 141. वरिष्ठ सामन्यांतून ते 1948 पर्यंत दिसले. 1991 सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें, आणि 24 ऑगस्ट 1993 रोजीं, वयाच्या 102 व्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांच्या नांवाची देवधर करंडक स्पर्धा त्यांच्या हयातींतच, 1973 सालीं सुरू झाली होती. ती मर्यादित षटकांची होती. 675 धावांच्या डावांत 246 काढणाऱ्या या गृहस्थाचें नांव एका दिवसांत संपणाऱ्या सामन्यांस मिळालें.