रॅम शिल्लक असताना ॲप का अडकतं? कर्नलमधल्या लॉकची गोष्ट

ॲप उघडलं, स्क्रीन आली, पण बोट फिरवलं तरी क्षणभर काही हललंच नाही. आपण लगेच म्हणतो, "रॅम कमी पडतेय." पण कधी कधी रॅम भरपूर असते, फक्त तिच्या दारात रांग लागलेली असते.

लॉक कशाला हवं?

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नल आहे. ॲप सुरू होताना त्याचे अनेक थ्रेड एकदम कामाला लागतात. एक स्क्रीन काढतो, एक फोटो उघडतो, एक लायब्ररी लोड करतो. मेमरी मात्र सगळ्यांची एकच. तिची नोंद कर्नल पट्ट्यापट्ट्यांनी ठेवतो. अशा एका पट्ट्याला व्हीएमए म्हणतात. दोघांनी एकाच वेळी नोंद बदलली तर घोळ होणारच, म्हणून लॉक.

एकच मोठं कुलूप

बरीच वर्षं एका प्रोसेसच्या सगळ्या पट्ट्यांना मिळून एकच एमएमॅप लॉक होतं. नोंद नुसती वाचायची असेल तर अनेक थ्रेड एकत्र आत जातात. पण एकाला नवा पट्टा जोडायचा असेल, तर बाकीचे बाहेर. नेमकं तेव्हाच स्क्रीनवाल्या थ्रेडला मेमरीचं नवं पान लागलं, की त्याचा पट्टा वेगळा असूनही तो ताटकळतो. तुमची स्क्रीन अडकते ती इथे.

ओझरला काय केलं?

आमचं ओझर वाघाड धरणाच्या कालव्याच्या टेलला. १९९० च्या सुमारास इथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेला पाणी मोजून मिळणार, आतलं वाटप संस्था करणार. प्रत्येक पाळीसाठी वरच्या ऑफिसात जायला नको. पण म्हणून प्रत्येक सरीला वेगळी संस्थाही काढली नाही!

लिनक्सनेही असाच मधला मार्ग काढला. गुगलच्या सुरेन बाघदासारियन यांच्या कामातून २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीत प्रत्येक व्हीएमएला स्वतःचं लॉक मिळालं. पान हवं असलेला थ्रेड आधी फक्त आपल्या पट्ट्याचं लॉक घेतो. नाही जमलं, तर जुनं मोठं लॉक आहेच.

मग जितकं बारीक तितकं चांगलं?

नाही. प्रत्येक लॉक थोडी मेमरी खातं. शिवाय एखादं लावायचं राहिलं तर महागात पडतं. ६.४ आल्यावर लगेच तेच झालं. फोर्क करताना, म्हणजे प्रोसेसची प्रत काढताना, मूळ प्रोसेसच्या पट्ट्यांना लॉक लावायचं राहून गेलं होतं. प्रत निघत असतानाच दुसरा थ्रेड आत शिरायचा आणि मेमरीतला डेटा बिघडायचा. जुलै २०२३ मध्ये ही सोय काही काळ बंद ठेवावी लागली. दुरुस्तीनंतर ती परत आली.

मोठं लॉक वेळ खातं, पण चूक कमी होते. बारीक लॉक वेळ वाचवतं, पण जबाबदारी वाढवतं. म्हणून स्वतः कोड लिहाल तेव्हा आधी एकच लॉक ठेवा. रांग कुठे लागते ते मोजा, आणि तेवढंच तोडा.

तुमच्या फोनचा कर्नल कोणता, ते सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये सापडेल. आकडा ६.४ पेक्षा लहान दिसला तरी लगेच नाराज होऊ नका. असे बदल जुन्या आवृत्तीतही आणून बसवले जातात.