पॅच लागत नाही? आधी पत्ता तपासा!

सॉफ्टवेअर बिल्ड करताना मध्येच 'फाइल टू पॅच' असा प्रश्न येतो आणि काम अडतं. अनेकदा पॅच ठीक असतो. चुकलेला असतो तो फाइलचा पत्ता, म्हणजेच पाथ.

पॅच म्हणजे काय?

कोडमधल्या कोणत्या ओळी काढायच्या आणि कोणत्या घालायच्या, हे सांगणारी छोटी फाइल. ती लावणारा 'पॅच' हा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला.

पत्ता कुठे चुकतो?

समजा, एका घराचा पत्ता आहे: महाराष्ट्र/वर्धा/बोरगाव मेघे/घर. तुम्ही वर्ध्यातच असाल, तर पहिले दोन शब्द सोडायचे. पण सगळंच गाळून नुसतं 'घर' ठेवलं, तर भलत्याच दारात जाल!

पॅचचंही तसंच. गिटने बनवलेल्या पॅचमध्ये पत्ता असा असतो: ए/ड्रायव्हर्स/यूएसबी/मेकफाइल. यातलं 'ए' (आणि नव्या आवृत्तीसाठीचं 'बी') हे फोल्डर प्रत्यक्षात नसतंच. म्हणून कमांडमध्ये 'पी' हा पर्याय असतो. त्यापुढचा आकडा सांगतो, सुरुवातीचे किती भाग सोडायचे.

• पी०: काहीच सोडू नका.
• पी१: 'ए' सोडा. सोर्सच्या मूळ फोल्डरमध्ये असाल तर हे वापरा.
• पी२: 'ए/ड्रायव्हर्स' सोडा. 'ड्रायव्हर्स' फोल्डरमध्ये असाल तर हे.

'पी' दिलाच नाही, तर प्रोग्राम साधारणपणे फक्त शेवटचं नाव पाहतो. लिनक्स कर्नलमध्ये 'मेकफाइल' नावाच्या शेकडो फायली आहेत!

काय कराल?

१. पॅच फाइल उघडून तीन उणे आणि तीन अधिक चिन्हांच्या ओळींतला पत्ता वाचा.
२. तुम्ही कोणत्या फोल्डरमध्ये आहात ते पाहा आणि किती भाग सोडायचे ते मोजा.
३. आधी 'ड्राय-रन' पर्याय वापरा. फायली न बदलता पॅच लागेल की नाही ते कळतं.
४. नावातली लहान-मोठी इंग्रजी अक्षरं जुळवा. लिनक्स त्यांना वेगळी मानतं.

एरर नाही, म्हणजे झालं?

नाही. 'गिट अप्लाय' ही कमांड आतल्या फोल्डरमधून चालवली, तर त्या फोल्डरबाहेरच्या फायली ती गुपचूप वगळते. बिल्ड पूर्ण होतं, पण सुरक्षेची दुरुस्ती कोडमध्ये आलेलीच नसते. म्हणून पॅच लावल्यावर 'गिट डिफ' चालवा आणि बदल खरंच झालाय का, ते डोळ्यांनी पाहा.