रात्रपाळीचे दोघे: भुंगा आणि वटवाघूळ

हेडफोन घरी राहिला असेल तर आजचा भाग इथे वाचून घ्या.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो, आंबेगाव तालुक्यात. पडवीच्या वाशाला बोटभर रुंद गोल भोक, खाली भुसा. भुंग्याचं काम! काका म्हणाले, "रॉकेल ओत त्यात आणि बुजवून टाक." संध्याकाळी पेरूवर वटवाघळं आली. काका परत, "हीपण घालवायला पाहिजेत."

मी मोबाइल काढला आणि वाचत बसलो. जवळच्या भीमाशंकरच्या जंगलात एक भुंगा आहे, झायलोकोपा ट्रँकेबारिका. तो चक्क वटवाघळांच्या शिफ्टमध्ये काम करतो! आमच्या वाशातला बहुधा त्याचा दिवसपाळीवाला भाऊबंद.

आता तुलना करू. पेरूवर येतं ते आखूड नाकाचं फळखाऊ वटवाघूळ. किडे खाणारी वटवाघळं प्रतिध्वनीवर चालतात. याची भिस्त मोठ्या डोळ्यांवर आणि तिखट नाकावर. म्हणजे हार्डवेअरच रात्रीचं.

भुंग्याचं तसं नाही. मधमाशीच्या कुळातला, त्यामुळे डोळ्यांची रचना उजेडासाठीची. प्रत्येक भिंग फक्त आपल्यापुरता प्रकाश घेतं. तरी हा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो. हेमा सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं, की नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तो रंगसुद्धा ओळखतो. आपल्याला तेव्हा सगळं करडं दिसतं. जुन्याच डिझाइनमध्ये मोठी भिंगं, कपाळावरचे तीन साधे डोळेही मोठे, आणि काम झालं.

दोघांचं काम मात्र सारखं. वटवाघूळ बिया लांब नेऊन टाकतं, मोहासारख्या झाडांचं परागीभवन करतं. भीमाशंकरात वारस नावाच्या झाडाची फुलं रात्री उमलतात, आणि त्यांचे परागकण भुंगेच वाहतात.

आणि खरी गोष्ट इथे आहे. मधमाश्यांची राणी दिवसाला हजारभर अंडी घालू शकते. भुंग्याच्या घरात राणी नाही, कामकरी नाहीत. आईच लाकूड कोरते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाची भिंत बांधते, मग पुढची खोली. अशा मोजक्याच खोल्या. वटवाघळालाही एका वेळी एकच पिल्लू. दोघांकडेही बॅकअप नाही. एक वासा बुजवला तर एका आईचा सगळा हंगाम गेला.

तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बहुतेक फळखाऊ वटवाघळं कित्येक वर्षं उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती.

काकांचं नुकसान खोटं नाही. म्हणून पेरूंना कापडी पिशव्या बांधल्या, उष्टी फळं खायची नाहीत असं ठरलं, आणि कुंपणाजवळ एक वाळका ओंडका ठेवला. वासा तसाच आहे. काका अजून कुरकुरतात, पण रॉकेल परत कपाटात गेलं.

तुमच्या घरी असं भोक दिसलं तर बुजवण्याआधी एकदा थांबा. भेटू पुढच्या भागात!