दिव्यामागचं पाणी

फेब्रुवारी 2013 मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं, ते पाण्यापायी. केंद्राला पाणी येतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. दुष्काळात बंधारा आटला, एकेक संच थांबत गेला आणि शेवटी अख्खं केंद्रच थंडावलं. 2015 च्या जुलैत पुन्हा तीच गत. टँकरच्या रांगा आणि चारा छावण्या आम्हा बीडकरांना नव्या नव्हत्या. पण पाणी नाही म्हणून वीज नाही, हे आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गावीही नव्हतं.

कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि ती वाफ थंड करून पुन्हा पाणी करायचं, असा हा कारभार. वाफ थंड करणाऱ्या त्या अवाढव्य मनोऱ्यांतून जे पाणी हवेत उडून जातं, तो खरा खप. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारनं अशा जुन्या केंद्रांना मर्यादा घालून दिली: एका युनिटमागे जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी. हा आकडा वाचला आणि मी आमचं एप्रिलचं बिल काढून बसलो. 240 युनिट. म्हणजे 840 लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर छप्पन हंडे! परळीची वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते, आमच्या घरातला दिवा कोयनेच्या पाण्यावरही लागत असेल, त्यामुळे हा हिशोब ढोबळच. पण ज्या घरात भांडी विसळलेलं पाणी तुळशीला जातं, त्या घरात पंखे मात्र रिकाम्या खोल्यांत फिरत होते, हे ढोबळ हिशोबानंही लक्षात आलं.

एवढी वीज लागते कशाला? आमच्यापुरतं उत्तर डोक्यावर होतं.

आमचं जुनं घर माळवदाचं. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या आणि वर हातभर पांढरी माती. दिवसाचं ऊन त्या मातीतून खाली झिरपेपर्यंत रात्र व्हायची आणि रात्री तर सगळे माळवदावरच झोपायला. मे महिन्यात भरदुपारी मधल्या खोलीत आजोबा निवांत घोरत असत, पंख्याशिवाय. ज्यांना त्या घरांचे उमाळे येतात त्यांनी मृगाआधी डोक्यावरून मातीची पाटी वाहिलेली नसते, पावसाळ्यात गळतीखाली परात घेऊन रात्र काढलेली नसते. शिवाय 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आहे. विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली आणि दगडमातीच्या भिंतींसकट छताचा भार झोपलेल्या माणसांवर आला. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस कोणी घरात झोपलं नाही आणि चार वर्षांत माळवद उतरलं. त्या निर्णयाला मी आजही नावं ठेवणार नाही.

त्या जागी आला पाच इंची स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्री दोनपर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो. पंखा मग तीच गरम हवा ढवळत बसतो.

उपाय निघाला तो दिवाळीच्या रंगकामातून. भिंतीला चुना देतो, तर स्लॅबलाच का नको? एका मार्चमध्ये कळीचा चुना रात्रभर भिजवला, सकाळी फडक्यातून गाळला, त्यात पांढरं सिमेंट आणि थोडा चिकटद्राव घातला. स्लॅब झाडून, ओला करून कुंच्यानं पहिला हात. तो वाळल्यावर आडवा दुसरा. आई जिन्यात उभी राहून म्हणाली, “तिथं कोण बघायला येणारे?” दुपारी दोनला अनवाणी वर गेलो. पांढऱ्या भागावर उभं राहता आलं. जिन्याच्या कठड्याजवळ कुंचा न पोचलेला वीतभर पट्टा तसाच राहिला होता. तिथं पाय टेकवला आणि उडालोच. शास्त्र एवढंच: पांढरा रंग ऊन परतवतो, काळपट सिमेंट ते पिऊन घेतं. पावसात हा चुना धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. तेलंगणानं 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. मराठवाड्याचं ऊन तिथल्याहून काही सौम्य नाही.

पश्चिमेच्या भिंतीला शेतातलं जुनं शेडनेट बाहेरून ताणलं. बाहेरून, हे महत्त्वाचं. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन घरात आलेलंच असतं.

यानंतर पंखे. साधा छताचा पंखा साधारण 75 वॉट खातो, बीएलडीसी मोटरचा तिशीच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे साठ. किंमत अडीच-तीन हजार, रेग्युलेटरऐवजी रिमोट, आणि तो रिमोट कायम उशीखाली हरवलेला. एलईडी बल्बबद्दल आता सांगण्यासारखं काही उरलेलं नाही; 2015 च्या उजाला योजनेपासून ते वाडीवस्तीवर पोचलेत.

कूलर की एसी, यावर आमच्या गल्लीत दर मे महिन्यात वाद होतो. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या घरात जातो, कूलरचं दीडशे-दोनशेत भागतं. आपली हवा कोरडी, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झपाट्यानं उडतं आणि गारवा मिळतो. पण टाकी रोज भरावी लागते आणि नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी. माझा कौल तरीही कूलरला, मात्र चुना दिलेल्या स्लॅबखाली आणि एकाच खोलीत.

गरम पाण्याचं म्हणाल, तर बोअरच्या जड पाण्यानं गीझरच्या कॉइलवर क्षारांचं पांढरं कवच चढतं आणि तो आधी ते कवच तापवतो, मग पाणी. सोलर बंबाच्या नळ्यांचीही तीच तऱ्हा, वर्षातून एकदा साफ कराव्याच लागतात. ते केलं, तर शंभर लिटरचा सोलर बंब वर्षाला दीड हजारापर्यंत युनिट वाचवू शकतो, असा सरकारी हिशोब आहे.

हे झालं शहरातलं. धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या वाड्यांवर चित्र निराळं. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशोब. मागं म्हातारी माणसं आणि कुलपं. अशा घराला पाच स्टारचा फ्रिज सांगणं ही थट्टा होईल. तिथला प्रश्न चुलीचा. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जाळताना निम्म्याहून अधिक उष्णता बाजूनं निघून जाते आणि धूर बाईच्या छातीत राहतो. 2016 च्या उज्ज्वला योजनेनं गॅसची जोडणी दिली, पण टाकी संपली की ती पुन्हा भरायला एकरकमी पैसे लागतात, म्हणून सरपण सुटत नाही. तेव्हा चूल तरी धूर बाहेर काढणारी, वैलाला उरलेली आच देणारी हवी. उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याचं तंत्र पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं विकसित केलं आणि 2002 मध्ये त्याला अॅश्डेन पुरस्कारही मिळाला. ज्यांचे हात ते पाचट सोलतात, त्यांच्या कोपीत मात्र संध्याकाळी तीन दगडांची चूलच पेटते.

गोबर गॅस उत्तमच, पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागतं. 2019 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात शेकडो छावण्या होत्या. जनावरं छावणीत, तर घरचं शेण आणणार कुठून?

सोलरबद्दल सगळ्यांनाच विचारायचं असतं. फेब्रुवारी 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असं जास्तीत जास्त 78 हजार अनुदान आहे. एक किलोवॉटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आधी खप उतरवा, मगच पॅनल मोजा. आमचं काम तीनऐवजी दोन किलोवॉटमध्ये भागलं. आणि एक गोष्ट विकणारा सहसा आपण होऊन सांगत नाही: बॅटरी नसलेल्या या जोडणीत लाईट गेली की भर उन्हातही सोलर बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या पॅनलचा झटका बसू नये म्हणून ती सोय असते. पहिल्यांदा हे झालं तेव्हा शेजाऱ्यांनी कठड्यावरून मला यथेच्छ चिडवलं.

आता राहिली पाण्याची मोटर. बीडजवळच्या खजाना विहिरीत सोळाव्या शतकात, निजामशाहीत सलाबतखानानं पाणी खेळवलं ते केवळ जमिनीचा उतार हेरून. कालव्यानं पाणी आपसूक शेतात जातं. आम्ही मात्र तीनशे फुटांवरून मोटरनं उपसतो, आणि पाणी जितकं खोल तितकं बिल जास्त. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला साठ हजार लिटर पडतं, गळती-उडती वजा जाता 48 हजार हाती लागतं. दोन वर्षांपूर्वी पन्हाळीला पाइप जोडला. चुना धुऊन येणारा पहिला पाऊस बाहेर सोडून देतो. पुढचं पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून बोअरला.

पूर्वी वरची टाकी भरायला मोटर पाऊण तास चालायची, मध्येच हवा ओढायची. यंदा गणपतीत मोटर लावली आणि नेहमीच्या सवयीनं पेपर घेऊन बसलो. अर्धा तासही झाला नसेल, खालून आईची हाक आली, “अरे, मोटर बंद कर की, पाणी चाललंय!”