हरवलेला ढोल कुठं सापडला?

जुलै महिना. पाऊस नुकताच उघडलाय. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना मोहाडी लागतं, आणि मोहाडीच्या आसपास बघावं तिकडं पाण्यानं भरलेल्या बांध्या. बायका ओळीनं वाकून धानाचे पऱ्हे रोवताहेत, एकेक पाऊल मागं सरकताहेत. मध्येच एक जण गाण्याची ओळ उचलते. बाकीच्या सगळ्या मिळून ती झेलतात. पुन्हा ती एकटी, पुन्हा सगळ्या.

रोवणीचं हे गाणं तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ऐकलं असेल. पण मला सांगा, पाठ मोडून काम करायचं तर दम वाचवायला हवा ना? मग गाण्यात दम का घालवायचा?

इथंच तर गंमत आहे. ठेका कानावर पडला की मेंदूतला हालचालींचा भाग जागा होतो, आपण अगदी गप्प बसलेलो असलो तरीही. शास्त्रज्ञांनी मेंदूची चित्रं काढून हे पाहिलंय. म्हणून तर ढोलकी वाजली की पाय आपोआप हलतो. ठेका पक्का असला की पुढचा ठोका कधी पडणार हे मेंदू आधीच ओळखतो आणि हात तयार ठेवतो. मग सगळ्यांचे हात एकदम खाली जातात, ओळ वाकडी होत नाही, थकलेली बाईही ओळीबरोबर चालत राहते.

आता नकाशा उघडा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर साउथ कॅरोलायना नावाचा भाग शोधा. तीनशे वर्षांपूर्वी तिथंही अशीच भाताची शेतं होती, पाण्यानं भरलेली. त्यांत राबत होती पश्चिम आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली आणि बाजारात विकलेली माणसं. त्यांतल्या पुष्कळांना भातशेती घरूनच येत होती, कारण सेनेगल, गांबिया, सिएरा लिओन या मुलखांत शेकडो वर्षं भात पिकत होता. मालकांना त्यांची विद्या हवी होती. त्यांची नावं मात्र बदलून टाकली, आणि वेगवेगळ्या भाषा बोलणारी माणसं एकत्र डांबली.

ढोल उरला होता. १७३९ साली स्टोनो नदीजवळ काही गुलामांनी बंड केलं आणि ढोल वाजवत, आणखी माणसं गोळा करत ते निघाले. बंड मोडलं गेलं. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, कायदा झाला: गुलामांनी ढोल वाजवायचा नाही, शिंग फुंकायचं नाही.

ढोलाला एवढं काय भ्यायचं? पश्चिम आफ्रिकेतल्या कित्येक भाषांत आवाज चढवला की एक अर्थ, उतरवला की दुसरा. तिथले वादक ढोलावर तसेच चढउतार काढतात, आणि ऐकणाऱ्याला ते चक्क बोलणं म्हणून कळतं. दूरच्या गावापर्यंत निरोप पोचतो! मालकांना ती भाषा समजत नव्हती, पण ढोल काहीतरी सांगतो एवढं त्यांनी ओळखलं होतं.

ढोल गेला. मग त्या माणसांनी काय केलं असेल? जरा थांबा, स्वतःच विचार करा.

त्यांनी अंगाचाच ढोल केला. तळहात मांडीवर, छातीवर, टाच जमिनीवर. या वादनाला ते ‘जुबा’ म्हणत. आणि शेतात एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची, अगदी मोहाडीच्या बांधीत चालतं तसं. त्यातूनच पुढं ब्लूज आलं, जॅझ आलं, आज मोबाइलवर तुम्ही ऐकता ते रॅपही त्याच घराण्यातलं. ब्लूज गाणाऱ्यांचे काही सूर तर पेटीवर सापडतच नाहीत. ते दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी असतात. गळा मात्र तिथं बरोबर पोचतो.

फ्रेडरिक डग्लस हा मुलगा अमेरिकेतच, मेरीलँडमध्ये, गुलाम म्हणून जन्मला. गुलामांना वाचायला शिकवणं तिथं वाईट समजत. हा काय करायचा? रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरतुकडा द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकून घ्यायचा. पुढं तो पळाला, मोकळा झाला, आणि १८४५ साली त्यानं आपली जीवनकहाणी लिहिली. गुलाम गातात म्हणजे ते सुखात आहेत, असं लोकांना वाटायचं. डग्लसनं लिहिलं की हे साफ खोटं आहे, ती गाणी दुःखाची आहेत. गाणाऱ्यांच्या मनातलं बाहेरच्यांना त्या पुस्तकातून कळलं.

तिकडच्या या लढ्याची हाक आपल्याकडे फार लवकर ऐकू आली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेत गुलामांना मोकळं करणाऱ्या माणसांना! १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय लेखकाला पत्र पाठवलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांपुढं मांडत होते, त्या अर्जाची प्रत बाबासाहेबांना हवी होती. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. ते हरले. पण त्यांच्यावरची गाणी, म्हणजे भीमगीतं, या भागात कधी थांबली नाहीत.

ती गाणी रचणाऱ्यांत वामनदादा कर्डक मला सगळ्यांत जवळचे वाटतात. नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे. लहानपणी शाळा नाही, अक्षरं शिकले ती मोठेपणी, आणि मग हजारो गाणी लिहून गावोगाव गात फिरले. डग्लस आणि वामनदादा कधी भेटणं शक्यच नव्हतं. तरी अक्षरांसाठी दोघांची धडपड किती सारखी, बघा!

आणि १९७२ साली मुंबईतल्या काही तरुण कवींनी आपल्या संघटनेचं नाव ठेवलं दलित पँथर, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. नागपुरात जन्मलेल्या गंगाधर पानतावण्यांनी नव्या लेखकांसाठी नियतकालिक चालवलं, त्याचं नाव ‘अस्मितादर्श’. ‘अस्मि’ या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘मी आहे’. मला हे नाव फार आवडतं. ज्यांची नावंच बदलली गेली त्या माणसांची गाणीही हेच तर सांगत होती.

आता एक प्रयोग. डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधा. श्वास सावकाश आत घ्या, नाडी थोडी भरभर चालते. सावकाश सोडा, ती मंदावते. आता पाच-सहा जण मिळून एकच गाणं म्हणा. ओळ एकत्र म्हणायची तर श्वासही एकत्रच घ्यावा लागतो, आणि मग सगळ्यांच्या छातीतले ठोके एकदम भरभर, एकदम हळू होऊ लागतात. गाताना ‘आपण’ म्हणजे काय हे शरीराला असं कळतं.

१४ एप्रिलच्या संध्याकाळी भीमगीतं चालू असतील तिथं जा आणि गायकाऐवजी पुढं बसलेल्या सगळ्यात लहान पोराकडे बघा. त्याला अख्खं गाणं येत नसतं. पहिल्या ओळीला ते नुसतंच टकामका बघतं. पण ओळ झेलायची वेळ आली की ते तोंड उघडतं, शेवटचे दोनच शब्द म्हणतं, आणि त्याची टाळी बरोबर समेवर पडते.