दाखल्यांची उतरंड

दहावीचा निकाल लागला की आपल्या वसई तालुक्यात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, "किती टक्के पडले?" प्रवेशाची तयारी म्हणजे अभ्यास, असाच बहुतेकांचा समज असतो. पण ज्यांना राखीव जागेवर किंवा सवलतीवर शिकायचे आहे, त्यांना कागदांचीही तयारी करावी लागते, आणि ती निकालानंतर सुरू करून भागत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे आमच्या आळीतली नववी-दहावीची मुले चौकशीला माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते, तेच येथे मांडते.

दाखल्यांची एक उतरंड असते. तळाशी शाळेच्या रजिस्टरातील नोंद. तिच्यावर शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर प्रांत कचेरीचा जातीचा दाखला आणि सर्वांत वर जात वैधता प्रमाणपत्र. खालचे मडके कलले की वरची सारी डगमगतात. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म शाळेतल्या नोंदीवरूनच भरला जातो. म्हणून नाव, जन्मतारीख आणि जात नववीतच तपासून घ्यावी. शाळा सुटल्यावर दुरुस्ती फार अवघड होते.

जातीच्या दाखल्यासाठी एक जुनी तारीख महत्त्वाची असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिवशी आपले कुटुंब जेथे राहत होते, तेथूनच हा दाखला मिळतो. नालासोपारा-विरारला येऊन राहिलेल्या कोकणातील कुटुंबांनी म्हणून गणपतीला गावी जाताना हे काम मनात ठेवावे. आपल्या जुन्या कागदांवर 'तालुका वसई, जिल्हा ठाणे' असेल, तर घाबरू नये. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.

खरी अडचण पुढेच आहे. २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याने पुराव्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे, आणि पुराव्यात जुन्या शाळेच्या नोंदीला मोठे वजन असते. ज्याचे आजोबा शाळेत गेले, त्याचे काम सोपे होते. पण पूर्वेकडच्या पाड्यांवर ज्या घरातून कोणीच शाळेत गेले नाही, त्यांनी काय दाखवावे? ज्याला शिक्षण मिळाले नाही, त्याच्याच नातवाकडे शिक्षणाचा कागद मागितला जातो! अशा घरांनी निराश न होता कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, सातबारा आणि जुने फेरफार शोधावेत. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, चुलत आजोबा किंवा आत्या, कोणी शाळेत गेले होते का, तेही विचारावे. नात्यात कोणाला वैधता मिळालेली असेल, तर तिचा मोठा आधार होतो. अभियांत्रिकी, वैद्यकीय, बी.एड. अशा शिक्षणक्रमांत राखीव जागेसाठी वैधता लागतेच. म्हणून हा शोध अकरावीतच लागावा.

उत्पन्नाच्या व नॉन-क्रीमीलेअर दाखल्यांना मात्र मुदत असते. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. एप्रिल-मे महिन्यांत सेतू केंद्रात गर्दी होण्यापूर्वी तो नवा करून घ्यावा. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात, २०२५ पासून सर्व राज्यात लागू झालेल्या पद्धतीत, पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिले नाव लिहिण्यापूर्वी तेथील फी, विषय आणि लोकलचा प्रवास यांचा घरात बसून विचार करावा.

ज्या घरात आधी कोणी कॉलेजात गेले आहे, तेथे ही माहिती जेवताना कानावर पडते. इतर घरांत ती कोणी तरी जाऊन सांगावी लागते. आपण सारे विद्यार्थी या वाटेने नुकतेच आलो आहोत. येत्या सुट्टीत आपल्या ओळखीच्या नववीतल्या एका मुलाच्या घरी जाऊन त्याचे कागद पाहावेत, एवढीच माझी विनंती आहे.