ग्रहण बघू या, पण डोळे सांभाळून

‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी आपल्या आजी-आजोबांच्या कानावरून गेलेली आहे. ग्रहण लागले की दारोदार दान मागत फिरणे, हे काम गावाने आपल्या लोकांच्या माथी मारले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्या आरोळीबरोबर राहू-केतूची भीतीही आपण मागे टाकली. आज आपली मुले ग्रहणाच्या दिवशी विहारासमोर दुर्बीण लावतात, याचा आम्हाला अभिमान वाटतो.

मात्र भीती सोडली म्हणजे काळजी सोडली, असे नव्हे. ग्रहणाने काही होत नाही हे खरे. पण उघड्या डोळ्याने सूर्याकडे पाहिले तर डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, भाजतो. तिथे वेदना कळत नाहीत. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो, तेव्हा उशीर झालेला असतो. दुर्बिणीतून तर हे क्षणात घडते. ६० मिलिमीटरचे भिंग ३ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा ४०० पट उजेड गोळा करते.

मागच्या एका ग्रहणाला वस्तीतल्या एका मुलाने नवी दुर्बीण आणली. डब्यात एक छोटी काळी काच होती, डोळा लावायच्या बाजूला बसवायची. ती आम्ही आधी काढून ठेवली. दुर्बिणीने एकवटलेली उष्णता त्याच जागी येते. काच तडकली की सगळे ऊन थेट डोळ्यात.

म्हणून फिल्टर घेताना एवढे बघा :

• फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, सूर्याच्या बाजूला बसणारा हवा.

• तो डोळ्याने पाहण्यासाठीचाच हवा. असा फिल्टर सुमारे एक लाखातला एक भाग उजेड आत सोडतो. फक्त फोटोसाठीचा फिल्टर जास्त उजेड सोडतो. तो घेऊ नका.

• वापरण्यापूर्वी बल्बसमोर धरा. टाचणीएवढे भोक किंवा ओरखडा दिसला तर टाकून द्या.

• वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टीने घट्ट लावा. बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण ठेवा.

• ग्रहणाचा चष्मा लावून दुर्बिणीत पाहू नका. तो नुसत्या डोळ्यासाठी आहे. त्यावर आयएसओ १२३१२-२ हे मानक असावे.

एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल, सीडी, ताटातले पाणी यांपैकी काहीही चालणार नाही.

पैसे नसतील तरी अडत नाही. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि भोकातून येणारे ऊन एक मीटरवर धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडा. शर्टाच्या बटणाएवढा सूर्य आणि त्याचा कुरतडलेला काठ सगळ्या घराला दिसेल. भोकातून मात्र सूर्याकडे पाहायचे नाही. गरोदर बहिणींनीही हे खुशाल पाहावे. त्यांना अंधाऱ्या खोलीत बसवण्याचे कारण नाही.

पाहून झाल्यावर कुणाला धूसर दिसले, मधोमध डाग दिसला किंवा सरळ रेघ वाकडी वाटली, तर घरगुती थेंब न घालता लगेच सरकारी दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर मुंबईतून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळ्याचे ढग हटले तर ते दिसेल. दुर्बिणीजवळ एक जाणता माणूस शेवटपर्यंत उभा राहील, एवढे मात्र विहारात आधीच ठरवून ठेवा.